हान मोटार : दोन शक्ति आणि एक सवय

चीन देशांतील बीवायडी नांवाच्या कारखान्यांत 'हान' या नांवाची एक मोठी बंद मोटार तयार होते. आपल्याकडे पूर्वी जिला सलून गाडी म्हणत आणि आतां सेडान म्हणतात, त्या जातीची ही गाडी आहे. लांबी सुमारें पांच मीटर, वजन दोन टनांच्या आसपास, आंत पांच माणसांची ऐसपैस बैठक. मोठ्या पेढ्यांचे व्यवस्थापक, अधिकारी आणि सुखवस्तु कुटुंबें यांच्यासाठीं ती काढलेली आहे. या गाडीचा एक प्रकार केवळ विजेवर चालतो. दुसरा प्रकार विजेवरही चालतो आणि पेट्रोलवरही चालतो. शिवाय त्याचा विजेचा सांठा घरच्या प्लगाला तार जोडून भरतां येतो. म्हणून त्याला प्लग-इन हायब्रिड असें म्हणतात. आजच्या पाठाचा विषय हा दुसरा प्रकार होय.

असला विषय शाळेच्या वार्षिक अंकांत कां घ्यावा, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, या एका गाडींत पदार्थविज्ञान, रसायन, इतिहास आणि अंकगणित यांची एकत्र गांठ पडते. आणि सरतेशेवटीं असा एक प्रश्न उभा राहतो कीं, त्याचें उत्तर यंत्र देऊं शकत नाहीं, तें गाडीच्या मालकालाच द्यावें लागतें. आपण क्रमाक्रमानें त्या प्रश्नापर्यंत जाऊं.

१. नांव आणि कूळ

हान हें चीनच्या एका प्रख्यात राजघराण्याचें नांव आहे. ख्रिस्तपूर्व २०२ पासून इसवी सन २२० पर्यंत, मधला थोडा काळ वगळल्यास, या घराण्यानें चीनवर राज्य केलें. चीनमधील बहुसंख्य समाज आजही स्वतःस हान म्हणवितो. त्साय लुन नांवाच्या दरबारी अधिकाऱ्यानें इ. स. १०५ मध्यें कागद करण्याची सुधारलेली कृति बादशहापुढें ठेविली, तीही याच घराण्याच्या अमदानींत. बीवायडी कारखान्यानें आपल्या गाड्यांना छिन, हान, तांग, सोंग, युआन अशीं जुन्या राजघराण्यांचीं नांवें दिलीं आहेत.

घराण्याचें नांव राजाचें असलें तरी कारखान्याचें मूळ मात्र एका शेतकऱ्याच्या घरांत आहे. संस्थापक वांग च्वानफू हे १९६६ सालीं आनहुई प्रांतांत जन्मले. शाळकरी वयांतच त्यांचे आईबाप वारले. थोरल्या भावंडांनीं कष्ट करून त्यांस शिकविलें. १९८७ सालीं चांगशा येथें धातूंच्या रसायनशास्त्राचा अभ्यास पुरा करून ते बीजिंगच्या एका संशोधनसंस्थेंत गेले व तेथें विद्युत्-घटांच्या शास्त्रांत निष्णात झाले. १९९५ सालीं एका नातलगानें दिलेल्या भांडवलावर त्यांनीं दक्षिणेकडील शेनझेन शहरीं पुन्हां पुन्हां भरतां येणारे घट करण्याचा कारखाना काढला. त्या काळीं या धंद्यांत जपान अग्रेसर होता, व जपानी कारखान्यांतील आपोआप चालणारीं यंत्रें विकत घेण्याइतका पैसा वांग यांजपाशीं नव्हता. तेव्हां त्यांनीं त्या कामाचे लहान लहान भाग पाडले आणि जें जपानांत यंत्रें करीत, तें येथें मजुरांच्या हातांनीं करून घेतलें. थोड्याच वर्षांत जगांतील मोठमोठ्या टेलिफोन-कंपन्या त्यांचे घट घेऊं लागल्या.

२००३ सालीं या कंपनीनें शीआन येथील छिनछ्वान नांवाचा मोटार-कारखाना विकत घेतला. हान बादशहांची पहिली राजधानी जी चांगआन, ती आजच्या शीआन शहराच्याच ठिकाणीं होती, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें डिसेंबर २००८ मध्यें बीवायडीनें एफ-थ्री-डीएम नांवाची गाडी बाजारांत आणिली. कारखान्यांत नेहमीच्या पद्धतीनें तयार होऊन विक्रीस आलेली जगांतील पहिली प्लग-इन हायब्रिड ती हीच. आरंभीं तिला गिऱ्हाईक फारच थोडें मिळालें. परंतु कारखान्यानें धीर सोडला नाहीं. जुलै २०२० मध्यें हान गाडी निघाली, आणि एप्रिल २०२२ मध्यें 'डीएम-आय' या सुधारलेल्या रचनेची हान आली. मार्च २०२२ पासून या कंपनीनें केवळ पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या करणें अजिबात बंद केलें. २०२४ सालीं तिनें ४२ लाखांहून अधिक गाड्या विकल्या, व त्यांपैकीं निम्म्याहून अधिक प्लग-इन हायब्रिड होत्या. तेव्हां या गाडीचा विचार म्हणजे लक्षावधि घरांचा विचार आहे.

२. दोन शक्तींचे स्वभाव

पेट्रोलचें इंजिन हें पोटांत ज्वलन होणारें यंत्र आहे. नळकांड्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दाबलें जातें, ठिणगी पडते, मिश्रण पेटतें आणि प्रसरण पावणारा वायु दट्ट्यास खालीं ढकलतो. एक लिटर पेट्रोलमध्यें सुमारें ९ युनिटें, म्हणजे ९ किलोवॅट-तास, शक्ति सांठविलेली असते. एक हजार वॅटची शेगडी नऊ तास तापत ठेवावी एवढी ही शक्ति, आणि तिचें वजन पाऊण किलोग्रॅम! द्रवरूप इंधनाचा हा मोठा गुण आहे. परंतु ही सर्व शक्ति चाकांपर्यंत पोहोंचत नाहीं. सादि कार्नो या फ्रेंच इंजिनियरानें १८२४ सालींच दाखवून दिलें कीं, उष्णतेपासून काम घेणारें कोणतेंही यंत्र सगळ्या उष्णतेचें काम करून देऊं शकत नाहीं. कांहीं भाग बाहेर टाकून द्यावाच लागतो. त्यांतून शहराच्या गर्दींत गाडी घडींत थांबते, घडींत धांवते, आणि तिच्याबरोबर इंजिनासही तसेंच करावें लागतें. अशा प्रवासांत साध्या पेट्रोल-गाडीच्या इंधनाच्या पांच भागांपैकीं सुमारें एकच भाग चाकांच्या कामीं येतो. उरलेला धुराबरोबर, रेडिएटरमधून आणि घर्षणांत निघून जातो.

विजेच्या मोटरीचा स्वभाव याच्या उलट आहे. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवार. बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून तो शास्त्रज्ञ झाला व अखेरपर्यंत एक साधा, भाविक ख्रिस्ती म्हणून राहिला. त्यानें १८३१ सालीं सिद्ध केलें कीं, चुंबकाच्या शेजारीं तारेचें वेटोळें हलविलें असतां तारेंत वीज उत्पन्न होते. याच्या उलट, चुंबकाच्या शेजारील तारेंत वीज सोडिली असतां ती तार फिरूं लागते. म्हणजे एकच यंत्र वीज घेऊन चाक फिरवूं शकतें आणि चाकाकडून फिरविलें गेल्यास वीजही देऊं शकतें. घेतलेल्या विजेच्या शेंकडा ९० हून अधिक भागाचें काम उत्तम मोटर करून देते. गाडी उभ्या जागेवरून हलवावयाची असली तरी तिचा जोर पहिल्या क्षणापासून पुरा असतो. धूर नाहीं, धडधड नाहीं.

मग सगळ्याच गाड्या विजेवर कां चालवूं नयेत? अडचण मोटरीची नाहीं, सांठ्याची आहे. पाऊण किलोग्रॅम पेट्रोल जितकी शक्ति देतें, तितकी सांठविण्यास या गाडींतील जातीचा विद्युत्-घट साठ किलोग्रॅमांच्या आसपास वजनाचा लागतो. शिवाय पेट्रोलची टांकी पांच मिनिटांत भरते. घट भरावयास घरच्या विजेवर कित्येक तास लागतात. पेट्रोल सांठवावयास सोपें पण वापरांत उधळें. वीज वापरांत काटकसरी पण सांठवावयास जड. या दोघांचे गुण एकत्र घ्यावे व दोष झांकावे, ही हायब्रिड गाडीची कल्पना आहे.

३. मोट आणि हौद

ती कल्पना हान गाडींत कशी उतरविली आहे, हें आपल्या मळ्याच्या उदाहरणानें चांगलें समजेल. विहिरीवर मोट चालते. बैल एका ठरलेल्या चालीनें धांवेवरून उतरतात; मोटेचें पाणी हौदांत पडतें; आणि हौदांतून मळ्याला जेव्हां जितकें पाहिजे तितकें पाणी पाटानें सोडतां येतें. माळ्यानें दर वाफ्यागणिक बैलांना थांबविलें, पळविलें, पुन्हां थांबविलें, तर बैलही दमतील आणि पाणीही नीट मिळणार नाहीं. हौद मधें असल्यामुळें बैलांची चाल एकसारखी राहते.

डीएम-आय रचनेंत इंजिन हे बैल, विद्युत्-घट हा हौद आणि चाकें हा मळा. गाडींत दीड लिटरचें टर्बो इंजिन आहे व त्याला जोडलेलें वीज करणारें यंत्र आहे. चाकें फिरविण्याचें काम मुख्यतः दुसऱ्या एका मोठ्या मोटरीकडे आहे. घट भरलेला असला म्हणजे इंजिन स्वस्थ असतें व गाडी निव्वळ विजेवर चालते. घटांतील सांठा कमी झाला कीं इंजिन सुरू होऊन आपल्याला सोयीच्या गतीनें वीज तयार करतें. ती मोटरीला मिळते व उरली तर घटांत पडते. मोकळ्या हमरस्त्यावर गाडी वेगानें जात असली तर इंजिनाला तीच गति सोयीची असते. तेव्हां मधला क्लच जुळतो आणि इंजिन सरळ चाकांना जोडलें जातें, कारण पाणी जवळच लागत असतां तें हौदांतून फिरवून आणण्यांत नुकसान आहे. चढावर किंवा एकाएकीं वेग वाढवितांना इंजिन आणि मोटर दोघेंही खांदा देतात. आणि ब्रेक लावण्याच्या वेळीं, फॅरडेच्या नियमानें, धांवतीं चाकेंच मोटर फिरवितात व गाडीच्या वेगांतील शक्ति विजेच्या रूपानें परत घटांत जाते. साध्या गाडींत ही सारी शक्ति ब्रेकच्या तबकड्या तापविण्यांत फुकट जाते.

यांपैकीं कोणती तऱ्हा केव्हां वापरावी, हें चालकाला ठरवावें लागत नाहीं. गाडींतील संगणक क्षणोक्षणीं ठरवितो. इंजिनाला नेहमीं सोयीच्या चालीनें चालूं दिल्यामुळें त्याची कार्यक्षमताही वाढवितां आली. कंपनीच्या सांगण्याप्रमाणें हानमधील या इंजिनाची कमाल कार्यक्षमता शेंकडा ४० च्या आसपास आहे, आणि २०२४ सालीं तिनें लहान गाड्यांसाठीं काढलेल्या नव्या इंजिनाची शेंकडा ४६ पर्यंत गेली आहे. कार्नोच्या शास्त्राची जाण असलेल्या विद्यार्थ्यास या आंकड्यांचें मोल कळेल.

४. घटांतील लोखंड

हानमधील घट लिथियम, लोखंड आणि फॉस्फेट यांच्या संयुगाचा आहे. या संयुगाचा उपयोग प्रथम दाखविणारा निबंध १९९७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांतून प्रसिद्ध झाला. त्यावर पाधी आणि नंजुंदस्वामी अशीं दोन भारतीय नांवें आहेत व तिसरें नांव जॉन गुडइनफ यांचें आहे. गुडइनफ यांस २०१९ सालीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, इतर दोघां शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. इतक्या वृद्ध वयांत तो मान मिळविणारे ते पहिलेच. विद्या ही तारुण्याचीच मिरास आहे असें समजणाऱ्यांनीं हें उदाहरण पाहावें.

दुसऱ्या जातीच्या कित्येक घटांत कोबाल्ट धातु लागतो. जगांतील बहुतेक कोबाल्ट आफ्रिकेंतील कांगो देशांतून येतो, आणि तेथील लहान खाणींत मुलांकडून काम करून घेतलें जातें ही दुःखद गोष्ट जाहीर आहे. लोखंड-फॉस्फेटाच्या घटांत कोबाल्ट मुळींच नसतो. तो दुसऱ्या जातींहून थोडा जड असतो. पण स्वस्त पडतो, टिकतो पुष्कळ, आणि सहसा पेट घेत नाहीं. मार्च २०२० मध्यें बीवायडीनें या जातीचे घट तरवारीच्या पात्यासारखे लांब व चपटे करून पुढें मांडिले. ते पात्यांप्रमाणें एकाशेजारीं एक खेटून बसवितां येतात, त्यामुळें जागा वांचते. अशा घटांतून खिळा आरपार ठोकला तरी धूर किंवा ज्वाळा निघत नाहीं, असें कंपनीनें प्रयोग करून दाखविलें.

२०२२ च्या डीएम-आय हानमध्यें दोन आकारांचे घट मिळत होते : लहान १८.३ युनिटांचा व मोठा ३७.५ युनिटांचा. जुन्या युरोपीय चांचणीप्रमाणें पहिल्यावर १२१ किलोमीटर आणि दुसऱ्यावर २४२ किलोमीटर अंतर निव्वळ विजेवर जातां येतें. ही चांचणी सौम्य होती. प्रत्यक्ष रस्त्यावर अंतर कमी भरतें. आपण आपल्या हिशोबासाठीं चौथा हिस्सा कमी धरूं, म्हणजे लहान घटावर सुमारें ९० आणि मोठ्यावर सुमारें १८० किलोमीटर.

५. एक हिशोब

शेनझेनमध्यें एक गृहस्थ आहे असें समजूं. त्याचें घर कचेरीपासून २० किलोमीटर दूर आहे. जाऊन येऊन रोज ४० किलोमीटर. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरल्यास १२,००० किलोमीटर झाले. त्याच्या गाडींत लहान घट आहे. एक दिवसाआड रात्रीं तार जोडिली तरी त्याचा सर्व रोजचा प्रवास विजेवर होईल व पेट्रोल एक थेंबही लागणार नाहीं. आतां दोन पक्ष करूं.

पहिला पक्ष : गृहस्थ तार कधींच जोडीत नाहीं. गाडी पेट्रोलवर चालते, तरी हायब्रिड असल्यामुळें काटकसरीनें चालते. १०० किलोमीटरला ५ लिटर धरूं. वर्षाचें पेट्रोल ६०० लिटर. एक लिटर पेट्रोल जळून सुमारें २.३ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड वायु होतो. पाऊण किलोग्रॅम पेट्रोलपासून सव्वादोन किलोग्रॅमांहून अधिक वायु कसा, याचें नवल वाटूं देऊं नका : पेट्रोलमधील कार्बन हवेंतील ऑक्सिजन स्वतःशीं जोडून घेतो, त्याचें तें वजन आहे. एकूण वायु ६०० × २.३ = १,३८० किलोग्रॅम.

दुसरा पक्ष : गृहस्थ नियमानें तार जोडतो. भरतांना होणारी तूट धरून दर किलोमीटरला ०.१८ युनिट लागतें असें मानूं. वर्षाचीं युनिटें १२,००० × ०.१८ = २,१६०. रस्त्यावर धूर मुळींच नाहीं. पण वीज कोठें तरी तयार होतेच. चीनमधील वीज पांच भागांपैकीं सुमारें तीन भाग कोळशापासून होते. उरलेली बहुतेक पाणी, वारा, सूर्य आणि अणुशक्ति यांच्यापासून. म्हणजे २,१६० पैकीं १,२९६ युनिटें कोळशाचीं. दर युनिटामागें सुमारें ०.९ किलोग्रॅम वायु धरल्यास १,१६६ किलोग्रॅम झाला.

दोन्ही पक्षांतील फरक १,३८० − १,१६६ = २१४ किलोग्रॅम, म्हणजे सुमारें सहावा हिस्सा. हा फरक पाहून कांहीं विद्यार्थी निराश होतील. पण खरा हिशोब निराशेच्या भयानें लपवूं नये. सर्व वीज कोळशाचीच असती तर २,१६० × ०.९ = १,९४४ किलोग्रॅम वायु झाला असता, म्हणजे पेट्रोलपेक्षांही अधिक; आणि सर्व वीज पाण्याची वा वाऱ्याची असती तर जवळ जवळ कांहींच झाला नसता. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, गाडीची शुद्धता अर्धी वीजगृहांत ठरते. दुसरी, वीजगृह जसजसें सुधारत जाईल, तसतशी तार जोडणाऱ्याची तीच जुनी गाडी आपोआप अधिक शुद्ध होत जाईल. न जोडणाऱ्याची गाडी मात्र होती तेथेंच राहील. शिवाय शहरांतील मुलांच्या नाकातोंडांत जाणारा धूर आजच थांबतो व परदेशांतून आणावयाचें तेल वांचतें, हा लाभ निराळाच.

६. कागदावरचे गुण

आतां आपण मूळ प्रश्नापाशीं आलों. तार जोडणें हें काम किती मोठें आहे? गाडी उभी करावी, तोंड उघडावें, तार लावावी. अर्ध्या मिनिटाचें काम. मग लोक तें करितात काय?

युरोपांत याचा कसून शोध झाला आहे. तेथें प्रत्येक प्लग-इन हायब्रिड गाडीला सरकारी चांचणींत गुण मिळतात, आणि मालक तार वारंवार जोडील असें गृहीत धरूनच ते दिले जातात. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, खासगी मालकांचा शेंकडा ६९ प्रवास विजेवर होईल असें कागदावर धरलें होतें, प्रत्यक्षांत तो सुमारें ३७ होता. कंपनीनें आपल्या अधिकाऱ्यांस दिलेल्या गाड्यांची गोष्ट त्याहून शोचनीय होती : कागदावर ६३, प्रत्यक्षांत सुमारें २०. पुढें मार्च २०२४ मध्यें युरोपीय आयोगानें गाड्यांतीलच मोजणी-यंत्रांनीं नोंदलेले आंकडे प्रसिद्ध केले. २०२१ सालीं नोंदलेल्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांतून चांचणीच्या आंकड्यापेक्षां सरासरी साडेतीन पट कार्बन वायु बाहेर पडत होता. हे आंकडे युरोपांतील गाड्यांचे आहेत, हानचे नव्हेत. परंतु मनुष्यस्वभाव सर्व देशांत पुष्कळ अंशीं सारखाच असतो.

अधिकाऱ्यांच्या गाड्यांचा आंकडा इतका खालीं कां? कारण उघड आहे. पेट्रोलचे पैसे पुष्कळदां कंपनी भरते; घरच्या विजेचें बिल मात्र स्वतःस भरावें लागतें. ज्याचा भार आपल्या खिशावर नाहीं, त्याची काटकसर कोण करितो? हान ही गाडी नेमकी याच वर्गासाठीं केलेली आहे, म्हणून हा धडा तिला विशेष लागू पडतो.

चीनमध्येंही असाच अनुभव आला. शांघाय शहरांत मोटारीच्या नंबरपट्टीचा लिलाव होतो व एका पट्टीस सुमारें ९० हजार युआनपर्यंत किंमत पडलेली आहे. प्लग-इन हायब्रिड घेणारास पूर्वी ही पट्टी फुकट मिळे. त्यामुळें केवळ पट्टीसाठीं ही गाडी घेऊन ती पेट्रोलवरच चालविणारे लोक निघाले, अशी तक्रार झाली. ती सवलत १ जानेवारी २०२३ पासून बंद करण्यांत आली. पट्टी हिरवी होती. धूर मात्र पूर्वीचाच होता.

तार न जोडणाऱ्या गाडीचा विचार करा. तिच्या पोटांत शंभराहून अधिक किलोग्रॅमांचा घट आहे. त्यासाठीं कोणी खाणींत खपला, कोणी प्रयोगशाळेंत आयुष्य वेंचलें, कारखान्यांत कोणी राबलें. आणि तो घट ब्रेकच्या विजेपुरता उपयोगास येऊन एरवीं निजलेल्या प्रवाशासारखा जिकडे तिकडे वाहून नेला जातो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांतील दृष्टांत आपल्या सर्वांस ठाऊक आहे. धन्यानें विश्वासानें सोंपविलेलें द्रव्य एका चाकरानें जमिनींत पुरून ठेविलें. त्यानें तें चोरलें नाहीं, उधळलें नाहीं. वापरलें नाहीं, इतकाच त्याचा अपराध होता.

यावरून हान गाडी वाईट आहे असा अर्थ कोणी काढूं नये. ती फार उत्तम गाडी आहे. रोज थोड्या अंतराचा आणि क्वचित् लांबचा प्रवास करणाऱ्या कुटुंबास तिच्यासारखी सोय दुसरी थोडीच मिळेल. कारखान्यानें आपलें काम केलें आहे. सरकारनें वीजगृहें सुधारण्याचें आपलें काम करावयाचें आहे. मधला दुवा तेवढा मालकाच्या हातीं आहे, आणि तो कोणताही संगणक त्याच्या बदलीं करूं शकत नाहीं.

आपल्या देशांतही विजेच्या व दुहेरी शक्तीच्या गाड्या आतां दिसूं लागल्या आहेत, आणि आपली वीजही अजून बहुतांशीं कोळशाचीच आहे. तेव्हां पालकांनीं नवी गाडी घेतांना तिच्या अंगावरील हिरवें चिन्ह पाहावें, पण त्यावरच संतुष्ट होऊं नये. आपण तिला रोज कसे वागवूं हें आधीं स्वतःस विचारावें. विद्यार्थ्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, प्रगतिपुस्तकांतील गुण हे चांचणीच्या दिवसाचे असतात. वर्षाच्या उरलेल्या दिवशीं आपण कोणत्या शक्तीवर चालतों, हें ज्याचें त्यालाच माहीत असतें. आणि खरी किंमत त्या दिवसांवरून ठरते.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. मोट, हौद व मळा हे हान गाडीच्या कोणकोणत्या भागांबद्दल योजिले आहेत? हमरस्त्यावर इंजिन सरळ चाकांना कां जोडलें जातें?
२. ब्रेक लावतांना वीज परत कशी मिळते? फॅरडेचा नियम सांगून स्पष्ट करा.
३. पाठांतील गृहस्थाच्या गाडींत मोठा घट असता, तर त्यास किती दिवसांनीं एकदां तार जोडावी लागली असती?
४. त्याच्या शहरांतील विजेपैकीं पांच भागांतील एकच भाग कोळशाचा असेल, तर वर्षास किती कार्बन वायु होईल? पहिल्या पक्षाशीं तुलना करा.
५. कंपनीच्या गाड्यांत तार कमी वेळां कां जोडली जाते? ती अधिक वेळां जोडली जावी म्हणून कंपनीनें कोणता नियम करावा असें तुम्हांस वाटतें? पालकांशीं चर्चा करून दहा ओळींत लिहा.